दिवा सांगेल

"हात," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली, आणि ढवळायची काठी बाजूला ठेवून तिनं त्याचा उजवा हात मनगटाशी धरून पातेल्याच्या काठावरून उचलला. तो आधी तिच्या तोंडाकडे बघत राहिला, मग हाताकडे. तळव्याच्या कडेवर लाल पट्टा उमटला होता. पातेल्यात मेण वितळत होतं, खाली गॅस होता. तिच्याशी काहीतरी बोलायला म्हणून तो येऊन उभा राहिला होता आणि टेबलावर टेकवावा तसा त्यानं हात काठावर टेकवला होता. काठाची धार हाताला कळली होती. भार कळला होता. गरम कळलं नव्हतं. तिनं नळ सोडून हात पाण्याखाली धरला. पाणी वाहताना दिसत होतं, त्याचा दाब लागत होता, पण ते गार आहे ही गोष्ट त्याला मानून घ्यावी लागली, विश्वासातल्या माणसानं सांगितली म्हणून मानावी तशी. ती रागावली नाही. 'लक्ष कुठं असतं तुमचं' असं एकदा जरी म्हणाली असती तरी त्याला बरं वाटलं असतं. लग्न झाल्यापासून ते वाक्य त्यानं इतक्यांदा ऐकलं होतं की पंख्याच्या आवाजासारखं ते असलं काय आणि नसलं काय, त्याला फरक पडत नसे. आता ते कित्येक महिन्यांत ऐकू आलं नव्हतं आणि पंखा बंद पडल्यावर खोली एकदम शांत व्हावी तसं झालं होतं. तिनं मलम लावलं, गॅस बारीक केला आणि पुन्हा मेण ढवळायला लागली. एक डोळा मेणावर, एक त्याच्यावर. दोन दुधं एकाच वेळी उतू जायला टेकलेली असावीत आणि बाई एकटीच असावी, तसा तिचा चेहरा होता.

आजार हिवाळ्यात आला होता. तो कंट्रोल पॅनेल जोडायच्या कारखान्यात वायरमन होता. भट्ट्या, सुकवणीची कपाटं, गरम पाण्याच्या टाक्या, यांच्या दाराशी जो वायरींनी भरलेला डबा असतो तो भरण्यात त्याचा जन्म गेला होता. त्या सकाळी अर्ध्या झालेल्या पॅनेलसमोर तो उभा होता, हातातली पक्कड पडली, ती उचलायला वाकला, आणि हात गेलाच नाही. हात तिथंच होता, पण तो दुसऱ्या कुणाचातरी. शेजारच्या टेबलावर त्याचा जुना सोबती होता. त्याला सगळे 'सावकाश' म्हणायचे, कारण कुणी काहीही काम सांगितलं की त्याचं पहिलं उत्तर 'सावकाश करू' हे असे आणि तो ते खरोखरच सावकाश करी. त्या दिवशी मात्र सावकाश धावला. याला पाठीवर घेऊन जिना उतरला, रस्त्यात आडवा उभा राहून एक अनोळखी गाडी थांबवली. अर्धा तास उशीर झाला असता तर, असं डॉक्टर नंतर म्हणाले आणि वाक्य तिथंच सोडून दिलं. आयुष्यात एकदाच धावला गडी, पण कुणासाठी धावला. हे आठवलं की त्याच्या छातीत काहीतरी हलत असे. ते काय होतं त्याला धड नाव देता येत नव्हतं. नावं हीच तर अडचण होती.

पाय परत आला. हात निम्मा परत आला, म्हणजे हलू लागला, धरू लागला, पण गरम-गार त्याला उरलं नाही. शब्द मात्र शेजारी उसनी दिलेली भांडी परत यावीत तसे आले, एकेक करून, आणि कधीकधी दुसऱ्याचंच भांडं घरात यावं तसे. वर म्हणायचं असलं की खाली यायचं, आत म्हणायचं असलं की बाहेर. गंमत अशी की बोलताना त्याच्या कानाला ते बरोबरच वाटायचं. समोरच्याचा चेहरा बदलला की कळायचं. चहा फार कढत लागला म्हणून तो डाव्या हातानं पेला दूर सारून 'गार' म्हणाला, तर बिचारीनं तो पुन्हा उकळून आणला. दवाखान्यात एक तरुण बाई त्याला बोलायला शिकवायची. तिला त्यानं मनातल्या मनात शब्दबाई असं नाव ठेवलं होतं. ती चित्रं दाखवी. शिडी, शिडीवर माणूस, माणूस कुठं आहे? 'खाली,' तो म्हणे. शब्दबाई हसत नसे, चूक असंही म्हणत नसे. एकदा तिनं समजावून सांगितलं होतं, "काका, डोक्यात शब्द जोडीनं ठेवलेले असतात, चपलांसारखे. तुम्ही डावी मागता आणि उजवी हाताला लागते. पण घर तेच आहे, कोनाडाही तोच आहे." घरी येताना रस्ताभर तो कोनाडा त्याच्या डोळ्यांपुढे होता. आपण लुटले गेलेलो नाही, नुसता पसारा झालाय, ही कल्पना त्याला फार आवडली. पुढच्या वेळी तिला तसं सांगायचं त्यानं ठरवलं, आणि सांगताना काय बोलला कोण जाणे. पण ती बराच वेळ त्याचा हात धरून बसली.

मेणबत्त्यांचा उद्योग बायकोचा. आजाराच्या आधीपासूनचा, मुलगी लग्न होऊन लांब गेली तेव्हापासूनचा. मागच्या खोलीत साचे, वातींची रिळं, रंगाच्या वड्या. ती मेणबत्त्या करी आणि स्वतः पिशवी खांद्याला लावून दुकानांत, हॉटेलांत नेऊन देई. येताना बहिणीकडे टेकून, दोघी मिळून आख्ख्या गोतावळ्याची उणीदुणी काढून, ताजीतवानी होऊन घरी येई. हिवाळ्यापासून ते बंद झालं होतं. माल न्यायला दुकानवालेच माणूस पाठवत. अगदीच बाहेर पडावं लागलं तर ती शेजारच्या काकूंना आणून याच्यासमोर बसवी, आणि काकू त्याच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्यानं बोलत. एकदा ती त्याच्या सदऱ्याची बटणं लावत होती आणि स्वयंपाकघरातून धुराचा वास आला. मेण तापून धुरायला लागलं होतं. मेणाची आग पाण्यानं विझत नाही, उलट भडकते, हे दोघांनाही माहीत होतं. ती अर्धी बटणं तशीच टाकून पळाली. तो उघड्या सदऱ्यानं भिंत धरून मागोमाग गेला तेव्हा ती पातेल्यावर झाकण दाबून उभी होती, आणि तिचे खांदे थरथरत होते. त्या दिवसापासून तो विचार त्याच्या डोक्यात होता. हात भाजला त्या दुपारी तो पक्का झाला. या हाताला तापमान कळत नाही. मग ज्याला कळतं असं काहीतरी तिच्या मेणाशी आणून बसवावं. त्याच्या हातून आजवर शेकडो भट्ट्यांना ते बसवून झालं होतं. घरात मात्र त्यानं एक घंटासुद्धा कधी लावली नव्हती.

सावकाश आठवड्याला एकदा येऊन बसत असे. त्याला हे सांगायला त्यानं तोंड वापरलंच नाही. डाव्या हातानं कागदावर एक पिंप काढलं, त्याच्या पोटाला पट्टा काढला, बाजूला चौकोन. सावकाशनं चित्राकडे पाहिलं, मान डोलावली, आणि पुढच्या खेपेला कापडी पिशवी घेऊन आला. नळ बसवलेली पत्र्याची टाकी, तिच्या कमरेला बसेल असा पट्टीचा हीटर, एका रद्द झालेल्या मागणीतून उरलेला तापमानाचा कंट्रोलर, वायरच्या टोकाशी बोटाएवढा सेन्सर, एक कॉन्टॅक्टर, आणि टाकी नको तितकी तापली तर सगळंच तोडणारा एक जादा थर्मोस्टॅट. काही विसरला नव्हता. चहा पिऊन सावकाश म्हणाला की हे तासाभराचं काम आहे, जोडून देऊ का. "हो," तो म्हणाला, आणि डावा पंजा पिशवीवर दाबून ठेवला. सावकाशनं पंजाकडे पाहिलं. "हो म्हणजे नाही, असं ना? बरं. सावकाश कर." मग जाताना वहिनींना बजावून गेला की हीटर जोडायच्या आधी मला दाखवा, तोवर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळचं आवरल्यावर दोघं मागच्या खोलीतल्या टेबलाशी बसली. साचे खाली उतरवले होते. तिनं चष्मा लावला, त्यानं आपली हत्यारं मांडली. उजव्या हाताला बारीक स्क्रू धरवत नव्हता, तेव्हा हात तिचे आणि सांगणं त्याचं, असं ठरलं. आधी तिला कळायला हवं होतं की कशात काय जातं, आणि ते सांगता सांगता त्याला त्याचा मिस्त्री आठवला. पहिल्याच नोकरीत ज्याच्या हाताखाली तो होता तो मिस्त्री, तोंडात सतत बडीशेप, कानामागे पेन्सिल. नवा माणूस आला की मिस्त्री त्याच्या पुढ्यात कंट्रोलर आणि हीटर ठेवी आणि गप्प बसे. नवा माणूस हटकून एकच गोष्ट करी: हीटरच्या दोन वायरी कंट्रोलरच्या रिलेच्या दोन टोकांना लावी आणि हीटर तापायची वाट बघत बसे. यानंही तेच केलं होतं. हीटर गारढोण. मिस्त्री म्हणाला होता, "रिले काही देत नाही रे. तो दाता नाही, दारवान आहे. करंट तुझा तू आण, त्याच्या दारातून ने. तो फक्त जा म्हणेल किंवा थांब म्हणेल." आणि दारवान अंगानं किरकोळ असतो, मोठा हीटर एकदम त्याच्या अंगावर घातला तर दारवानच जळतो; म्हणून मध्ये कॉन्टॅक्टर नावाचा पैलवान उभा करायचा, दारवानानं पैलवानाला खूण करायची आणि पैलवानानं हीटरचं दार ओढायचं. हे सगळं त्यानं बायकोला सांगितलं, उलटसुलट शब्दांत, डाव्या हातानं टेबलावर माणसं उभी करून. पैलवानाला तो किरकोळ म्हणाला आणि दारवानाला दांडगा, पण बोटांनी दोघांची उंची बरोबर दाखवली. ती हसली. इतक्या वर्षांत तिनं त्याच्या कामाबद्दल कधी विचारलं नव्हतं आणि त्यानं कधी सांगितलं नव्हतं. डबा भरून जायचं आणि रिकामा आणायचा, एवढाच कारखाना तिला माहीत होता. आणि आता, निम्मे शब्द गेल्यावर, तो तिला पहिल्यांदा सांगत होता.

तिची बोटं वातीला सरावलेली. वायर सोलून तांब्याच्या तारा तिनं अशा पिळल्या की त्याच्या कारखान्यात कुणी पिळल्या नसत्या. फेज, न्यूट्रल, अर्थिंग. त्यानं बोट ठेवायचं, तिनं आवळायचं, आवळल्यावर ओढून बघायचं. कंट्रोलरचा स्वतःचा पुरवठा झाला, सेन्सर झाला, पैलवानाच्या गुंडाळीची एक वायर झाली. राहिला रिले. त्याला तीन टोकं: मधलं सामाईक, एका बाजूला एनओ, दुसऱ्या बाजूला एनसी. एनओ सदा उघडा, एनसी सदा बंद. इथं चांगली डोकी असलेली माणसंही घसरतात, कारण घरात दिवा बंद म्हणजे करंट नाही, आणि रिलेच्या भाषेत संपर्क बंद म्हणजे करंट वाहतोय. यावर मिस्त्रीची तोड अशी होती की इथं दार विसरायचं आणि दोन हात आठवायचे. एक जोडी मोकळी, एक जोडी जुळलेली. दारवानाला जाग आली, म्हणजे मेण गार आहे असं त्याला कळलं, की मोकळे हात जुळतात आणि जुळलेले सुटतात. म्हणून हीटरची वाट नेहमी मोकळ्यातून न्यायची. दारवान झोपला, मेला, त्याची वीज गेली, तरी हात सुटलेले राहतात आणि हीटर गार राहतो. हे त्याला पाठ होतं. झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं, असं आजाराआधी तो म्हणाला असता.

"सामाईकात एक गेली," ती म्हणाली. "दुसरी कुठं?"

"बंद," तो म्हणाला.

तिनं चष्म्यावरून एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून वायर एनसीत सरकवली आणि स्क्रू आवळला, वायर ओढून पाहिली. आणि त्याच्या मनात, खिरीत खडा लागावा तसं काहीतरी लागलं. त्यानं त्या टोकाकडे पाहिलं. अक्षरं दिसत होती. मनात साखळी लावायचा प्रयत्न केला: मेण गार, दारवान जागा, मग हात, कुठले हात, जुळलेले की, आणि इथवर येऊन ती साखळी ओल्या साबणासारखी निसटली. पुन्हा पहिल्यापासून. मेण गार. दारवान जागा. पुन्हा तिथंच. वाईट हे नव्हतं की त्याला चूक दिसत नव्हती. वाईट हे होतं की ही जी बेचैनी आहे ती वायरीमुळं आहे की आपल्यामुळं, हे त्याला ठरवता येत नव्हतं. आजारापासून ती सगळ्यातच होती. नळ फिरवताना, बटण लावताना, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, आपल्याच अंगठ्याकडे बघताना. सगळीकडेच खडा लागत असेल तर खिरीला दोष कसा द्यायचा? पूर्वी पॅनेल पूर्ण झालं की त्याचं अंग आपोआप सैल पडे, आणि ते सैल पडणं हीच तपासणी असे. आता अंग सैल पडतच नव्हतं. विचारायचं कुणाला? समोर बायको होती, जिनं आजच सकाळी रिले हा शब्द पहिल्यांदा ऐकला होता. तिनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि हीटरची वायर उचलली, जणू आता तेवढंच राहिलंय. त्यानं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं.

"दिवा," तो म्हणाला. आणि तो शब्द, त्याचं त्यालाच नवल वाटलं, सरळ आला.

मिस्त्री पहिल्या फेरीला कधीच हीटर लावत नसे. त्याच्या जागी साधा दिवा लावी. हीटर खोटं बोलतो, तापायला वेळ घेतो आणि तापल्यावर ऐकत नाही. दिवा तोंडावर सांगतो. तिनं जिन्यातला दिवा काढून आणला, होल्डर आणला. त्यानं खुणेनं पाण्याचे दोन पेले मागितले, एक साधा, एक कढत. कंट्रोलरवर आकडा त्या दोहोंच्या मधला लावला. सेन्सर साध्या पाण्यात सोडला आणि तिनं खटका दाबला. कंट्रोलरचे आकडे लाल उजळले, आत बारीक टक झालं. दिवा मात्र अंधारा. ती वाट बघत राहिली. मग त्यानं सेन्सर उचलून कढत पाण्याच्या पेल्यात घातला. आकडे भराभर चढले, टक वाजलं, पैलवानानं दणदिशी दार ओढलं आणि दिवा लागला.

दिवा चांगला लख्ख लागला. टेबलावरचे वायरीचे तुकडे, तिच्या चष्म्याच्या काचा, सगळं पिवळं झालं. आणि आता त्याच्या डोक्यात ती साखळी, जी इतका वेळ निसटत होती, कुणीतरी हातात आणून द्यावी तशी सबंध आली. दारवान 'पुरे' म्हणायच्या जागी 'अजून' म्हणत होता. गार मेणाशी टाकी मुकाट बसली असती; पण पातेल्यातलं उरलेलं गरम मेण ती टाकीत ओतणार होती, आजच, तसं तिनं सकाळी बोलूनही दाखवलं होतं. ओतलं असतं आणि टाकी तापत गेली असती, तापत गेली असती, आणि जादा थर्मोस्टॅट अजून पिशवीत होता, आणि ती तिथं जवळ उभी असती, एक डोळा त्याच्यावर ठेवून. सावकाश बघणार होता हे खरं, पण त्या क्षणी त्याला सावकाश आठवला नाही. त्याला तिचे थरथरणारे खांदे आठवले. त्यानं डाव्या हातानं खटका पाडला. दिवा विझला.

"तुला जाळलं असतं मी," तो म्हणाला. एकही शब्द चुकला नाही.

त्यानं कंट्रोलर पिशवीत कोंबायला सुरुवात केली, वायरीसकट. हे सावकाशकडे दे, घेऊन जा, असं त्याला म्हणायचं होतं, आणि तोंडातून 'आण, आण' येत होतं. ते ऐकून त्याला स्वतःचीच किळस आली. वायरी पिशवीच्या बंदात अडकल्या. उजवा हात मदतीला येण्याच्या नावाखाली मध्ये मध्ये येत होता. तिनं उठून पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली नाही. ती बसून राहिली, आणि तो दमून थांबला तेव्हा म्हणाली, "मला दिसलं होतं."

त्यानं वर पाहिलं.

"तोंड बंद म्हणालं तुमचं, आणि बोट दुसऱ्याच भोकावर होतं. कुणाचं ऐकावं मला कळेना."

मग विचारलं का नाहीस, हे त्याला बोलावं लागलं नाही, त्याच्या चेहऱ्यावरच होतं.

"विचारलं असतं तर अजून गोंधळला असता. आणि मला तरी कुठं येतंय? म्हटलं, बघू, तुम्ही काही करताय का. आणि तुम्ही दिवा मागितलात. मग म्हटलं झालं, आता दिवा सांगेल." तिनं पिशवी आपल्याकडे ओढली आणि वायरींचा गुंता सोडवायला घेतला. "दोघांपैकी एकालाही येत नाही हे ज्याला कळतं त्याला बरंच येतं म्हणायचं. आता तोंडाकडे बघू नका, बोटाकडे बघा. लक्ष कुठं असतं तुमचं."

शेवटचं वाक्य ती सवयीनं बोलून गेली, तिला कळलंही नसेल. तो मात्र टेबलाची कड धरून बसला. उजव्या हातानं धरली होती, तेव्हा ती कड गार होती की ऊबदार हे त्याला माहीत नव्हतं, पण ती धरलेली आहे एवढं नक्की कळत होतं. त्याला एकदम आई आठवली, न्हाणीत त्याला बसवण्याआधी बादलीत कोपर बुडवून बघणारी. हातानं नाही, कोपरानं. हात कामानं निबर झालेले, त्यांच्यावर तिचा भरवसा नव्हता. म्हणजे धडधाकट आईसुद्धा आपल्या हातावर विसंबत नव्हती. मिस्त्री आपल्या डोक्यावर विसंबत नव्हता, दिव्याला विचारत होता. आपणच एक होतो की सैल पडलेल्या अंगाला विचारायचो, आणि ते इतकी वर्षं खरं सांगत आलं हीच मोठी मेहेरबानी. किती जणांच्या कोपरांवर आपण इथवर आलो. एकजण जिना उतरत धावला. एक पोरगी चपलांचा कोनाडा दाखवून गेली. आणि ही. हिनं चुकीची वायर ओढून बघून घट्ट आवळली, कारण मी सांगितली होती, आणि तरी माझ्या बोटाचं म्हणणं लक्षात ठेवलं. त्यानं बोट उचलून एनओवर ठेवलं.

तिनं वायर काढून तिथं लावली. मग रिळातून वातीचा तुकडा तोडून त्या वायरीला गाठ मारली, म्हणजे उद्या कुणी काही म्हटलं तरी ही ओळखू येईल. पुन्हा पेले. साध्या पाण्यात सेन्सर, दिवा लागला. कढत पाण्यात, दिवा गेला. तिला ते इतकं आवडलं की कढत पाणी कोमट होईस्तोवर ती सेन्सर या पेल्यातून त्या पेल्यात नेत राहिली, आणि प्रत्येक वेळी टक वाजलं की त्याच्याकडे बघत राहिली, त्यानंच ते वाजवलंय असं.

सावकाश आला तो संध्याकाळी, आणि त्यानं आपल्या पद्धतीनं, एकेक वायर ओढत, एकेक स्क्रू चाचपत, सगळं पाहिलं. आवळायला काही निघालं नाही याची त्याला जराशी खंतच वाटलेली दिसली. वातीच्या गाठीशी तो थांबला आणि हे कुणी केलं म्हणाला. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. मग त्यानं जादा थर्मोस्टॅट पैलवानाच्या वाटेत घातला, कारण पैलवानाचंही दार कधी चिकटून बसू शकतं, दिवा काढून हीटर जोडला, आणि तिघं टाकीभोवती खुर्च्या टाकून मेण वितळायची वाट बघत बसली. मेणाचे तुकडे कडेनं आधी पारदर्शक झाले, मग बसले, मग पाणी झालं. आकडा चढत चढत ठरल्या जागी आला, टक झालं, आणि तिथंच थांबला. थोडा उतरला, पुन्हा टक. सावकाश म्हणाला, घरंदाज आहे. चहा झाला. जाताना त्यानं याच्या पाठीवर हात ठेवला तो जरा जास्त वेळ ठेवला.

त्यानंतर मागच्या खोलीतून दिवसभर तो आवाज येऊ लागला. पहिले काही दिवस ती प्रत्येक टकला उठून जाऊन आकडा बघून येई. मग दर दोन-तीन टकांना. मग एकदा ती भाजी निवडत बसली होती आणि आत टक झालं, आणि तिची मान वरसुद्धा झाली नाही. त्याची झाली. तो तिच्या न हललेल्या मानेकडे बघत राहिला आणि मिस्त्री असता तर त्याला हे दाखवलं असतं असं त्याला वाटून गेलं.

आणि मग एका दुपारी जेवणं झाल्यावर ती आरशापुढे केस विंचरत असलेली त्याला दिसली. धुतलेली साडी नेसली होती. मेणबत्त्यांचे खोके पिशवीत भरलेले होते. त्याला वाटलं, आता शेजारच्या काकू येतील, आणि मोठ्यानं बोलायला लागतील, आणि त्यानं मनाची तयारी केली. काकू आल्या नाहीत. मागच्या खोलीत टाकी चालू होती. तिनं पिशवी खांद्याला लावली, चपला घातल्या, आणि दुकानात माल देऊन बहिणीकडे जरा टेकून येते, असं पदर सारखा करत सांगितलं, हिवाळ्यापूर्वी सांगायची तसंच, उत्तराची वाट न बघता. तो खुर्चीवरून उठला. सांभाळून राहा, टाकीकडे जाऊ नका, काही लागलं तर काकूंना हाक मारा, यातलं काहीच ती म्हणाली नाही. दाराशी जाऊन वळली.

"येते."

त्याला उत्तर द्यायचं होतं आणि त्याला भीती वाटली, की तोंडातून 'जा' येईल. आणि मग, दार अर्धं उघडून ती उभी असताना, त्याच्या ध्यानात आलं की जाणारं माणूस जाते म्हणतच नाही, येते म्हणतं, आणि मागं राहणारं त्याला ये म्हणतं. सगळी दुनियाच उंबऱ्यावर उभी राहून उलटं बोलते, रोज, जन्मभर, आणि कुणाचाच गोंधळ होत नाही. त्याला हसू आलं.

"ये," तो म्हणाला.

तिच्या चपलांचा आवाज जिन्यानं खाली गेला. घरात तो एकटा होता. पुढच्या खोलीची खिडकी रस्त्यावर होती; तो चौकटीला डावा हात लावून तिथं उभा राहिला. ती खाली फाटकातून बाहेर पडली, एका सायकलवाल्याला वाट दिली, पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि झपाझप चालायला लागली. आता वळेल, कोपऱ्यावर तरी वळेल आणि वर खिडकीकडे बघेल, म्हणून त्यानं हात वर करायला तयार ठेवला होता. ती कोपऱ्यापर्यंत गेली, कोपरा ओलांडून दिसेनाशी झाली. तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.